सामान छोड़ो, बाहर निकलो

विमानाचा आवाज आला की मी मान वर करते. मुद्दाम करते. जून लागला, आभाळ मळक्या गोधडीसारखं खाली आलं, वर काहीएक दिसत नाही, तरी करते. माझी शाळा रायपूरजवळ, अभनपूरच्या रस्त्याला. माना विमानतळावर उतरणारी काही विमानं आमच्या मैदानावरून खाली येत येत जातात. मी तिथली खेळाची मॅडम. पोरं रांगेत उभी असतात, वर घरघर सुरू होते आणि रांग मोडते, सगळ्यांची तोंडं वर. बाकीच्या मॅडम ओरडतात, "लाइन में रहो!" मी नाही ओरडत. मी म्हणते, बघा रे, नीट बघा, उतरून राहिलं. पडलेल्या विमानाकडे अख्खं जग बघतं, उतरणाऱ्याकडे आपण तरी बघू.

ही खोड मला मागच्या वर्षीच्या पावसाळ्यानं लावली. व्हरांड्यात वाळत घातलेले पोरांचे मोजे, रेल्वे कॉलनीच्या जिन्यातला तो कुबट वास, गॅलरीत सुकायचं नावच न घेणारे टॉवेल, सगळं परत आलं, आणि त्याच्यासोबत ते वर्षही परत आलं. काय वर्ष होतं बापा! जानेवारीतच अमेरिकेत एका नदीच्या वर विमान आणि हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळली. फेब्रुवारीत कॅनडात बर्फावर उतरताना एक विमान चक्क पालथं झालं. जूनमध्ये अहमदाबाद. आणि त्याच जूनमध्ये आपला एक माणूस अंतराळस्थानकात जाऊन पोचला. त्याच वर्षी तिकडे कुठल्याशा खासगी कंपनीच्या चिमुकल्या विमानानं आवाजाचा वेग ओलांडला. डिसेंबरात टीव्हीवाल्यांनी हे सगळं एका कार्यक्रमात कोंबून दाखवलं. आधी अपघात, मग विक्रम, मध्ये जाहिराती. मी थोडं पाहिलं आणि टीव्ही बंद केला. आमच्या घरात त्या वर्षी जे झालं, ते त्यात कुठंच नव्हतं.

आमच्या घरात मित्तू होती. माझी एकुलती एक पोरगी. खरं नाव संघमित्रा, तिच्या बापानं ठेवलेलं. सम्राट अशोकानं आपली लेक बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार पाठवली, ही गोष्ट त्यांनी लहानपणी विहारात ऐकली होती, आणि पोरगी झाली तर हेच नाव, असं लग्नाआधीच ठरवून टाकलं होतं. नाव एवढं मोठं, पण पोरीचा आवाज एवढासा. हातभर अंतरावरचा भाजीवालाही विचारायचा, "क्या बोली दीदी?" माझं उलट. कॉलनीत मला पाठीमागे भोंगा म्हणतात, मला माहीत आहे. जन्मभर ऐकलं, बाईच्या जातीला हा आवाज शोभतो का. आणि मित्तूचं मात्र जो तो कौतुक करायचा, किती संस्कारी पोट्टी आहे, घरात आहे का नाही तेही कळत नाही! घरात आहे का नाही हे न कळणं हा कोणता संस्कार, हे मला आजवर समजलेलं नाही.

तर ही संस्कारी पोट्टी त्या मे महिन्यात विमानात केबिन क्रू म्हणून निवडली गेली. ट्रेनिंग दिल्लीकडे, ऑगस्टपासून. माझी नणंद दुर्गला असते, तिनं फोनवर ऐकताच नाक मुरडलं. "म्हंजे चहा-पाणी द्यायले जाऊन राहिली का?" मी म्हटलं, चहा-पाणी तर तूही देते, तुले कोणी पगार देते का? पण खरं सांगायचं तर मलाही तेव्हा पुरतं माहीत नव्हतं. मित्तूच्या एका सीनियर मैत्रिणीनं आम्हाला समजावलं की चहा-पाणी हे रोजचं काम, खरं काम वेगळंच. धूर झाला, आग लागली, तर मिनिट-दीड मिनिटात सगळं विमान रिकामं करायचं. त्यासाठी ओरडावं लागतं, 'सामान छोड़ो, बाहर निकलो!' घाबरलेला माणूस गोड बोलण्यानं जागचा हलत नाही. ट्रेनिंगमध्ये ओरडायची परीक्षाच असते, आणि आवाज निघाला नाही तर पोरगी घरी परत. मित्तू ते ऐकून नखं खात बसली.

मग अहमदाबादची ती दुपार आली. शाळेला सुट्टी होती, मी भांडी घासत होते, आणि हॉलमधून मित्तूनं नेहमीच्या बारीक आवाजात हाक मारली, "मम्मी." टीव्हीवर काळा धूर. मी ओल्या हातांनी तशीच उभी राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्या विमानातल्या क्रूच्या पोरींचे फोटो यायला लागले. तसाच अंबाडा, तसंच हसू. मित्तू महिनाभर आरशासमोर तोच अंबाडा घालायचा सराव करत होती. तिनं केस सोडले आणि वेणी घातली. तिचे पप्पा ड्यूटीवरून आले, बूट न काढता खुर्चीत बसले, बराच वेळ बघत राहिले. मग रिमोट घेऊन टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "नाही जायचं."

झालं. आमच्या घरात ओरडायचं काम माझं आणि शेवटचा शब्द त्यांचा, अशी कॉलनीची समजूत आहे. कॉलनीला काय कळतं! पण त्या वेळी मीही गप्प बसले. माझ्या डोळ्यांसमोर तोच धूर होता. नणंदेनं रोज फोनचा सपाटा लावला. "पोट्टीले मास्तरीण करा, नाहीतर पंडरी बाजारात कापडाच्या दुकानात बसवा, पण जमिनीवर ठेवा." एक दिवस माझं डोकं सणकलं. म्हटलं, त्या दिवशी विमान पडलं त्या हॉस्टेलात, जमिनीवरच जेवायला बसलेली पोरंही गेली ना व? त्यांनी कुठं जाऊन बसायला पाहिजे होतं? भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्या घरात तर तो ब्रह्मराक्षस खुर्ची ओढून बसला होता, आणि मीच त्याला रोज चहा देत होते.

मित्तूचे पप्पा मालगाडीचे गार्ड. आता पदाचं नाव बदललंय, पण आमच्या तोंडात गार्डच. शेवटच्या डब्यात एकटा माणूस, हातात झेंडे, शिट्टी, टॉर्च. बॅगेत फटाक्यांचा डबा. हे दिवाळीचे फटाके नव्हेत, रुळावर बांधायच्या चकत्या असतात त्या. चाक चढलं की धमाका होतो आणि ड्रायव्हरला कळतं, पुढे धोका आहे, थांब. मित्तू लहान असताना एका पावसाळ्यात त्यांच्याच गाडीचे डबे रुळावरून उतरले. कॉलनीत अपघाताचा हूटर वाजला. रेल्वेच्या माणसाला हूटरचा अर्थ शिकवावा लागत नाही. पुरुष बॅगा उचलून धावले, आम्ही बाया गॅलरीत येऊन उभ्या राहिलो. कोणाची गाडी हे कोणी विचारत नव्हतं. आणि तिकडे हा माणूस भर पावसात फटाके घेऊन उलटा पळत होता, मागून येणाऱ्या गाडीच्या दिशेनं, तिला थांबवायला. नियमच तसा आहे. घरी आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. म्हणाले, चहा टाक. मी टाकला. दोन दिवसांनी परत ड्यूटीवर गेले, आणि नोकरी सोडा म्हणायला दुर्गहून कोणाचा फोन आला नाही.

ते ड्यूटीवर निघताना फाटकापाशी वळून हात आडवा धरायचे. गाडी स्टेशनातून जाते तेव्हा गार्ड आणि स्टेशनवाला एकमेकांना असाच हात दाखवतात, म्हणजे गाडी शाबूत आहे, सगळं ठीक. तोंडानं म्हणतात, ऑल राइट. चिमुरडी मित्तू गॅलरीतून तसाच हात धरायची. ओठ हलायचे, आवाज नाही. ते मान हलवून निघायचे.

त्या जूनच्या शेवटी एका सकाळी ते बुटांना पॉलिश करत होते आणि मी समोर जाऊन उभी राहिले. "मी तुमाले कधी म्हटलं का, नका जाऊ?"

"नाही म्हटलं."

"मंग तिले काहून म्हणून राहिले? अन् नाव काहून ठेवलं संघमित्रा? अशोकानं म्हटलं का, समुद्रात लाटा आहेत, घरीच बस?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "तुले वाटते मी पडायले भेतो. पडायचं ते कोणाच्या हातात आहे? मले भेव दुसऱ्याच गोष्टीचं आहे. काही झालं तर ती बाहीर नाही निघणार. सगळ्यायले काढल्याशिवाय नाही निघणार. ड्यूटी तशीच असते. मले मालूम आहे ना."

मला रडू आलं. आलं तर आलं, लपवायचं काय त्यात? डोळे पुसले आणि म्हटलं, "तुमाले मालूम आहे म्हणूनच तुम्ही हो म्हणा. ज्याले मालूम नाही त्याच्या हो-नाहीले काय चाटायचं?" त्यांनी दुसरा बूट उचलला. नाही मात्र म्हणाले नाहीत.

मी ते नाही न म्हणणं पकडलं आणि कामाला लागले. आधी तेलीबांधा तलावावर नेलं तिला, संध्याकाळी, म्हटलं गर्दीत भीड चेपेल. भुट्ट्यांचा धूर, लिंबू-मिठाचा वास, फोटो काढणारी जोडपी. मित्तू कठड्याला टेकून म्हणाली, "सामान छोड़ो." असं म्हणाली की जणू कोणाला लाजत लाजत पत्ता विचारतेय. भुट्टेवाल्यानं वळून पाहिलं, "दीदी, कुछ चाहिए क्या?" मी तिला भुट्टा घेऊन दिला आणि घरी आणलं.

भुट्टा खाता खाता तिनं मला एका जुन्या गोष्टीची आठवण करून दिली. माना विमानतळाच्या तारेपलीकडे एक परदेशी विमान वर्षानुवर्षं उभं होतं. हवेत इंजिन बिघडलं, इथं उतरलं, आणि मग त्याला न्यायला कोणी आलंच नाही. ऊन-पाऊस खात तिथंच राहिलं. मित्तू शाळेत होती तेव्हा बाहेरूनच तिला ते दाखवलं होतं. तिनं विचारलं होतं, "मम्मी, इसके लोग कहाँ गए?" मी म्हटलं, घर गए. "सब?" सब. पूर्ण रायपूर त्या विमानानं अडवलेल्या जागेबद्दल बोलायचं. त्यातले सगळे आपापल्या घरी जाऊन जेवले, हे या पोरीनं तेवढं लक्षात ठेवलं. कॅनडातल्या पालथ्या विमानाचंही तेच. पंख तुटला, चाकं आभाळाकडे, आणि आतले सगळे जिवंत बाहेर आले. उलट्या लटकलेल्या माणसांना कोणीतरी ओरडून सांगितलंच असेल ना, सोड ते, इकडे ये, नीघ! ती ओरडणारी बाई विक्रमांच्या कार्यक्रमात मला कुठं दिसली नाही.

माझ्या मैदानावर उंच उडीची काठी पाडल्याशिवाय कोणाची उडी वाढलेली नाही. पण काठी पडणं वेगळं आणि विमान पडणं वेगळं, तेवढी अक्कल मला आहे. गेलेली माणसं गेली, त्यावर कसली शिकवण काढायची नाही. मला एवढंच म्हणायचं होतं की उद्याचं विमान उद्या उडणारच आहे, आणि त्यात कोणीतरी दारापाशी उभं राहणारच आहे. माझी नाही तर दुसऱ्या कोणाची. मग माझी काहून नाही?

जुलैतला एक रविवार. विहारातून वंदना करून लोक घरी आलेले, पाऊस जरा थांबलेला, घराघरांत जेवणाची तयारी. मी मित्तूला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर नेलं. "गळ्यातून नको. पोटातून. समज मैदानाच्या त्या टोकाला एक पोट्टा विहिरीकडे चालला, त्याले थांबव."

"मम्मी, मेरे से नहीं होगा. लोग क्या बोलेंगे?"

लोग! माझं टाळकंच फिरलं. "अव माय, लोगों को ही तो निकालना है!"

काय झालं कोण जाणे. तिनं माझ्याकडे पाहिलं, मुठी आवळल्या, डोळे मिटले आणि ओरडली. "बाहर निकलो! बाहर निकलो! सामान छोड़ो! बाहर निकलो!"

मी भोंगा, पण मीही दोन पावलं मागे सरले. खाली धाड धाड दारं उघडली. आम्ही रेल्वेवाले, हूटरवर वाढलेली माणसं. शिवाय आमची बिल्डिंग जुनी, त्याच आठवड्यात पहिल्या मजल्यावर छताचं प्लास्टर पडलेलं. जिन्यातून पावलांचा नुसता गडगडाट. कठड्यावरून वाकून पाहिलं तर सगळी बिल्डिंग अंगणात. शेजारच्या साहू भाभींच्या हातात कुकर, शिट्टी व्हायची राहिलेली. एकाच्या काखेत टीव्हीचा डबा, वायर चिखलात लोळतेय. एका बाईच्या हातात मिक्सरचं भांडं, नुसतं भांडं. रामटेके काकूंनी बाबासाहेबांचा फोटो छातीशी धरलेला. तो सोडायला मी कोणालाच सांगितलं नसतं. आणि मधोमध मित्तूचे पप्पा, बनियन, टॉवेल, अनवाणी, हातात ड्यूटीची बॅग.

"आग कहाँ लगी?" "भूकंप है क्या?"

मी वरून ओरडले, "कुछ नहीं हुआ! पोट्टी प्रॅक्टिस कर रही है!"

मग काय, जो तो माझ्यावर तुटून पडला. साहू भाभी कुकर हलवत म्हणाल्या, "ए दाई! मोर परान निकल गे!" मित्तू कठड्याखाली लपून बसली होती. मी मात्र कमरेवर हात ठेवले. "उसने सामान छोड़ो बोला था ना? किसने छोड़ा? बताओ!"

सगळ्यांनी आपापल्या हातांकडे पाहिलं. कुकर तेवढा सुसकारे टाकत होता. पहिल्यांदा साहू भाभीच हसल्या, मग सगळं अंगण हसलं. मित्तूचे पप्पा हसले नाहीत. ते बॅग घेऊन जिना चढून गच्चीवर आले. मला वाटलं, आता संपलं सगळं. ते तिच्यासमोर उभे राहिले.

"पयले 'बाहर निकलो' म्हटलं तू. बाहर ऐकलं की माणूस हाताले लागन ते उचलते. मीबी उचललं, इतकी वर्सं नोकरी करून." त्यांनी ती बॅग ओल्या गच्चीवर ठेवली आणि ती तिथंच सोडून चार पावलं लांब झाले. "'सामान छोड़ो' पयले म्हण. मंग बाहर. म्हण, मी आहो इथं."

मित्तू उभी राहिली. हळूच म्हणाली, "पप्पा, तो मैं जाऊँ?"

"आवाज नाही आला."

"मैं जाऊँ?"

अंगणातल्यांनी पुन्हा वर पाहिलं. "हव, जाय," ते म्हणाले, आणि तोंड फिरवून बॅगेला लागलेलं पाणी टॉवेलानं पुसत बसले.

ट्रेनिंगमध्ये तिला कोणता क्रम शिकवला ते तिचं ती जाणे. पण ओरडायच्या परीक्षेचा तिला काही त्रास झाला नाही. ऑगस्टमध्ये माना विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा पाऊस लागलेला. दारावरच्या जवानानं तिकीट पाहिलं, ती आत गेली, आणि काचेच्या दारापाशी वळली. तिच्या पप्पांनी हात आडवा धरला. फाटकापाशी धरायचे तसाच. तिनंही धरला. ओठ हलतील, एवढंच मला वाटलं होतं.

"ऑल राइट!"

अख्खी रांग वळली. जवान दचकून म्हणाला, "मॅडम, धीरे." मी त्याला म्हटलं, भैया, धीरेवाला जमाना गया. गाडीत बसल्यावर तिचे पप्पा म्हणाले, "पोचला आवाज." मग चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले.

डिसेंबरात देशभर विमानं रद्द होत होती. विमानतळांवर लोक क्रूवर, कर्मचाऱ्यांवर तोंडसुख घेत होते. मित्तूचा फोन आला. "मम्मी, लोग बहुत चिल्लाए. मैं नहीं चिल्लाई. बचा के रखा है." मी खूप हसले. फोन ठेवल्यावर थोडी रडलेही.

आता परत जून आहे. परवा दुर्गहून फोन आला. "वर्ष झालं वहिनी, आता तरी पोट्टीले परत बोलवा." उचलली जीभ, लावली टाळ्याला! मी म्हटलं, येईल ना सुट्टीत, तुले भेटायलेही येईल, कान सांभाळ. मला भीती वाटत नाही असं नाही. रोज वाटते. तिची ड्यूटी असली की भात करपतो. वाटू दे, करपू दे. भीती माझी आहे, तिच्या पायात मी ती बांधणार नाही.

मित्तूचे पप्पा यंदा रिटायर झाले. संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसतात. काल साहू भाभी पापड काढायला वर आल्या, मीही होते. ढगांतून आवाज आला. विमान काही दिसलं नाही. हे खुर्चीतून उठले आणि हात आडवा धरला.

"मित्तू का प्लेन है क्या, भैया?" साहू भाभींनी विचारलं.

"मले का मालूम," ते म्हणाले. "कोणाची तरी पोट्टी असंन ना त्यात."

आणि आवाज पुरता विरेपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही.